मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा

मंडळी, आजचा विषय जरा घरगुती आहे. क्लाउड, एआय, ऑनसाइट, अप्रेझल यातलं काहीही नाही. प्रश्न एवढाच की एकाच घरात, एकाच वायफायवर, दहा फुटांच्या अंतरावर ठेवलेल्या दोन कॉम्प्युटरमध्ये फाइल न्यायची कशी?

हसू नका. बी.ई. कॉम्प्युटर, सहा-सात वर्षं नोकरी, आणि तरी या प्रश्नाने मागच्या शनिवारी माझे चार तास खाल्ले. त्याआधी २०१९ साली याच प्रश्नापायी माझ्या बाबांचं चार वर्षांचं काम गेलं होतं. म्हणजे घालवलं मीच. ते पुढे सांगतोच. आधी घराची ओळख करून देतो.

साताऱ्याला आमच्या घरी पुढच्या खोलीत बाबांचं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, स्मरणिका. तिथे २००४ साली घेतलेला एक डेस्कटॉप आहे. त्यावर विंडोज एक्स्पी, पेजमेकर आणि एक जुना मराठी फाँटचा प्रोग्रॅम, जो मागे खोचलेल्या डोंगलशिवाय उघडतच नाही. फाँट युनिकोडच्या आधीचा. त्यामुळे तीच फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की 'चि. सौ. कां.'च्या जागी फुल्या आणि चौकोनांची रांगोळी. थोडक्यात काय, "तो डबा फेकून दे ना" म्हणणाऱ्यांनी आधी वीस वर्षांच्या पत्रिका परत टाइप करून द्याव्यात, मग बोलावं.

२०१८च्या गुढीपाडव्याला बाबांनी लॅपटॉप घेतला, विंडोज १० वाला. गिऱ्हाईक मजकूर ईमेलने पाठवायला लागलं होतं आणि एक्स्पीवर धड एक वेबसाइट उघडत नव्हती. मी तेव्हा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. हॉस्टेलच्या लॅनवर आख्ख्या विंगला सिनेमे पुरवणारा माणूस मी! एक्स्पीवर फोल्डर शेअर केलं, लॅपटॉपवरून उघडलं, पाच मिनिटांत काम फत्ते. बाबा खूश, मी त्याहून खूश.

मग चातुर्मास आला. लग्नं बंद, पत्रिका बंद. दोन्ही मशीनमध्ये देवाणघेवाण करायची वेळच आली नाही. तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर बाबांनी फोल्डर उघडायला घेतलं तर ते गायब. नेटवर्क सापडत नाही म्हणे. कोणी काही हात लावला नव्हता. बाबांचा फोन: "अरे, चालत होतं ते आपोआप बंद कसं पडेल?"

आपोआपच पडलं होतं. एक्स्पीला फाइल शेअरिंगची जी भाषा येते ती एसएमबीची पहिली आवृत्ती, म्हणजे एसएमबी१. २०१७च्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून अशी व्यवस्था होती की लॅपटॉप चालू असताना एकूण पंधरा दिवस ही भाषा कोणी वापरली नाही, तर ती स्वतःला काढून टाकणार. हे मला कळलं खूप नंतर. दिवाळीत घरी गेलो तेव्हा मला एवढंच दिसत होतं की पाटी येते, 'नेटवर्क पाथ सापडला नाही'. दुसरीकडून प्रयत्न केला तर दुसरी पाटी, 'परवानगी नसावी, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा'. आता साताऱ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण? आई?

मग मी तेच केलं जे तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी केलंय. गुगल केलं आणि सापडेल तो उपाय करत सुटलो. एसएमबी१ परत चालू. नाही चाललं. एक्स्पीचा फायरवॉल बंद. नाही. लॅपटॉपचा फायरवॉल बंद. नाही. 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद. दोन्हीकडच्या फोल्डरला 'एव्हरीवन - फुल कंट्रोल'. अँटिव्हायरस काढून टाक. रीस्टार्ट. चाललं!!

यातल्या नेमक्या कुठल्या टिचकीने चाललं? माहीत नाही. मग बाकीच्या परत जागेवर ठेवल्या का? छे. दिवाळीचा फराळ थांबला होता. एक्स्पीचं फोल्डर लॅपटॉपवर झेड ड्राइव्ह म्हणून जोडून दिलं, बॅकअप म्हणून सगळ्याची एक प्रत लॅपटॉपवर काढून ठेवली आणि शहाण्या मुलासारखा हॉस्टेलला परतलो.

२०१९च्या फेब्रुवारीत एका ईमेलमधून 'मजकूर' म्हणून एक झिप आली आणि बाबांनी ती उघडली. त्यात मजकूर नव्हता. लॅपटॉपवरच्या फाइलींची नावं एकेक करून बदलत गेली, मग झेड ड्राइव्हवरच्या. दार सताड उघडं होतं, त्यामुळे एक्स्पीवरचं सगळं गेलं, आणि त्याची प्रत लॅपटॉपवरच होती, त्यामुळे तीही गेली. शेवटी पैसे मागणारी इंग्रजी चिठ्ठी. २०१५पर्यंतचं काम सीडींवर होतं म्हणून वाचलं. त्यानंतरचं सगळं गेलं. त्यात एका गावातल्या शाळेची शतक महोत्सवाची स्मरणिका होती. एकशे साठ पानं, पूर्ण लागलेली, दोन दिवसांत छपाईला जायची.

बाबांनी आणि आईने ती हस्तलिखितांवरून पुन्हा टाइप केली. बावीस रात्री. आई वाचून दाखवायची, बाबा टाइप करायचे. मला बाबा एका शब्दानेही बोलले नाहीत. शाळेला सांगितलं, "कॉम्प्युटर बिघडला." कॉम्प्युटर बिघडला नव्हता. इंजिनियर बिघडला होता.

आता इथे कोणी म्हणेल, बघ, म्हणून एसएमबी१ वाईट. नाही हो, तिथेच तर गंमत आहे. त्या दिवशी घात एसएमबी१ने केला नाही. घात केला 'एव्हरीवन - फुल कंट्रोल'ने. नव्यात नवी भाषा असती तरी तेच झालं असतं. अर्थात म्हणून एसएमबी१ साधू ठरत नाही. ही पद्धत मुळात १९८३ सालची, आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी रचलेली. तेव्हा नेटवर्क म्हणजे एका ऑफिसातली ओळखीची माणसं. पुढे तिच्यावर थर चढत गेले. २००७ला व्हिस्टाबरोबर दुसरी आवृत्ती आली, २०१२ला विंडोज ८बरोबर तिसरी. पहिली मात्र जुन्या यंत्रांसाठी तशीच राहून गेली. मग १२ मे २०१७ला वॉनाक्राय आला. अमेरिकेच्या एनएसएकडून फुटलेलं हत्यार वापरून तो एसएमबी१मधल्या भोकातून घुसला आणि दीडशे देशांत पसरला. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. भोक बुजवणारा पॅच दोन महिने आधी, मार्चमध्येच निघाला होता, पण लोकांनी घातला नव्हता. लगेच जूनमध्ये नॉटपेट्या आला. त्यात एका बड्या जहाज कंपनीच्या यंत्रणा आडव्या झाल्या आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. तेव्हा ही भाषा बंद केली ते बरोबरच केलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. माझं म्हणणं असं, की कुठलं कुलूप अडलंय हे जी यंत्रणा सांगत नाही, ती माणसाला सगळी कुलपं तोडायला शिकवते. आणि सगळी कुलपं तोडलेलं घर हे मुळात कुलूपच नसलेल्या घरापेक्षा वाईट, कारण मालकाला वाटतं कुलपं आहेत.

मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात ना, ते हेच. मोरीला बोळा कोणी घातला? सुरक्षावाल्यांनी. दरवाजा मोकळा कोणी सोडला? मी. पण मला दरवाजा उघडायला लावला त्या न बोलणाऱ्या बोळ्याने.

विश्वास बसत नसेल तर मागच्या शनिवारचा हिशोब देतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणून बाबांनी आता विंडोज ११वालं नवं मशीन घेतलंय. लॅपटॉपही अजून चालतो, आई त्यावर हिशोब ठेवते. म्हणजे दोन्ही मशीन चालू जमान्यातली, एसएमबी१चा संबंधच नाही. तरी आडवी आलेली कुलपं मोजा.

पहिलं, नव्या मशीनने घरचं वायफाय 'पब्लिक' धरलं होतं. म्हणजे त्याच्या मते आमचं घर आणि स्वारगेटचा स्टँड सारखेच. पब्लिक असलं की शेअरिंग बंद. दुसरं, बाबा नव्या मशीनवर चार आकडी पिन टाकून शिरतात. त्यांच्या दृष्टीने तोच पासवर्ड. पण पिन फक्त त्या यंत्रासमोर बसूनच चालतो, नेटवर्कवरून चालत नाही. तिथे त्या ऑनलाइन खात्याचा खरा पासवर्ड लागतो, जो खातं उघडताना दुकानदाराने टाकला होता. तिसरं, उलट बाजूने जावं तर लॅपटॉपवर आईच्या खात्याला पासवर्डच नाही, आणि कोऱ्या पासवर्डाच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. हा नियम एक्स्पीच्या काळापासून आहे. चौथं, पासवर्डबिसवर्ड नको, पाहुणा म्हणून घे, असं म्हणावं तर २०२४च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रोमध्ये पाहुण्यांनाही दार बंद. आणि पाचवं, हे सगळं जमलं तरी 'नेटवर्क'च्या खिडकीत शेजारचा कॉम्प्युटर दिसेलच याची खात्री नाही, कारण ती यादी जमवणारी जुनी सोय एसएमबी१बरोबर गेली आणि नव्या सोयीच्या सर्व्हिसेस चालू असतीलच असं नाही. थेट पत्ता टाइप केला तर उघडतं. हे बाबांनी ओळखायचं कसं?

पाचही नियम एकेकटे घेतले तर शहाणपणाचे आहेत. एकाच्याही विरुद्ध मी वाद घालणार नाही. पण पाचांसाठी मिळून पाट्या किती? मला दिसल्या दोन-तीन, आणि त्यातल्या एकीनेही म्हटलं नाही की, "काका, हा पिन इथे चालत नाही, खात्याचा पासवर्ड टाका." न्याय म्हणून सांगतो, समोरचं मशीन फक्त एसएमबी१ बोलत असेल तर विंडोज १०च्या पुढच्या आवृत्त्यांत तसा स्पष्ट संदेश येतो. ही भाषा जुनी आहे, धोक्याची आहे, म्हणून जोडत नाही. वा! म्हणजे नीट सांगता येतं. मग बाकीच्या वेळी तोंडात गुळणी का?

घरासाठी काही केलंच नाही असंही नाही. २००९ला विंडोज ७बरोबर 'होमग्रुप' नावाची सोय आली होती. एक पासवर्ड मिळायचा, तो कागदावर लिहून दुसऱ्या मशीनवर टाकायचा, झालं. २०१८च्या एप्रिल अपडेटमध्ये ती काढून टाकली. तिच्याबद्दलही कुरकुरी होत्या, मान्य. पण काढताना तिच्या जागी तितकं सोपं काय ठेवलं? मुख्य भर ऑनलाइन साठवणीवर. म्हणजे पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जायला व्हाया दुसऱ्या गावचं डेटा सेंटर.

यावर ऑफिसात मला तीन प्रकारचे सल्ले मिळतात. तिन्हींना इथेच उत्तर देऊन टाकतो.

"ड्राइव्हवर टाक ना यार." टाकतो की. पण पत्रिकेच्या एका सेटिंगमध्ये फोटोंसकट कधी कधी दोन जीबी होतात. साताऱ्यात पावसाळ्यात नेट दोन दोन दिवस जातं आणि लग्न काही नेटसाठी थांबत नाही. शिवाय माझ्या घरातली वस्तू माझ्या घरात हलवायला मी परक्याचं दार का वाजवावं? क्लाउड वाईट नाही. पण तो पर्याय असला पाहिजे, सक्ती नाही.

"पेनड्राइव्ह वापर." डीटीपीवाल्याला हे सांगणारा माणूस कधी झेरॉक्सच्या दुकानात उभा राहिलेला नाही. दिवसभरात दहा गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह, प्रत्येकात फोल्डरचे शॉर्टकट करून ठेवणारा एक तरी व्हायरस. नेटवर्क धोक्याचं म्हणून पेनड्राइव्ह वापरा म्हणजे एसटी धोक्याची म्हणून टपावर बसा.

"एसएमबी१ चालू कर, दोन मिनिटांचं काम." हा सल्ला देणाऱ्यावर माझा खरा राग आहे, कारण तो मीच आहे. असे शेकडो व्हिडिओ आहेत. सगळ्यांत शेवटी "चाललं तर लाइक करा" असतं, "झाल्यावर फायरवॉल परत चालू करा" कुठेच नसतं. आणि ते बघणारा माणूस मूर्ख नसतो. त्याला फक्त उद्या सकाळी पत्रिका द्यायची असते.

मंडळी, दोष फक्त विंडोज बनवणाऱ्यांवर टाकून मोकळं व्हायचं असतं तर हा लेख लिहिलाच नसता. आपण रोज काय करतो? एरर मेसेज कोण लिहितं? आपणच. "युजरला डिटेल दाखवू नका, सपोर्टला फोन येतात" हे वाक्य मी स्वतः मीटिंगमध्ये बोललोय. 'समथिंग वेंट राँग' हे माझ्याच हातचं आहे. अनोळखी माणसाला जास्त माहिती देऊ नये, चोराला मदत होते, हा युक्तिवाद लॉगिनच्या पानापुरता ठीक. पण घरच्या माणसाला घरच्या यंत्राने, 'तुझं वायफाय पब्लिक ठेवलंय' एवढं सांगितलं तर कुठल्या चोराचं भलं होतं?

आणि वेगवेगळी यंत्रं एकमेकांशी बोलणं अवघड असतं हेही सांगू नका. १९९१-९२मध्ये कॅनबेराला पीएच.डी. करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने तारेवरून जाणारी पाकिटं बघून बघून ही भाषा ओळखली आणि हाती कागदपत्रं नसताना युनिक्सला ती बोलायला लावली. त्याचंच पुढे सांबा झालं. एक विद्यार्थी बाहेरून एवढं करू शकला, तर आतल्या माणसांना एक वाक्य नीट लिहिता येऊ नये?

असो. नुसती आदळआपट करून भागत नाही, म्हणून मी शनिवारी शेवटी काय केलं ते सांगतो.

एक्स्पीची नेटवर्कची वायर काढली. कायमची. त्याची हार्ड डिस्क बाहेर काढून, यूएसबी केसमध्ये घालून सगळं काम एकदाच नव्या मशीनवर उतरवलं. जुनी फाइल लागली तर एक्स्पीवर उघडायची, पीडीएफ करायची आणि घरच्या एकाच पेनड्राइव्हने पलीकडे न्यायची. तो पेनड्राइव्ह गिऱ्हाइकाच्या मशीनला लावायचा नाही. नव्या मशीनवर वायफाय 'प्रायव्हेट' केलं, फक्त शेअरिंगसाठी एक वेगळं लोकल खातं काढलं, त्याला दणकट पासवर्ड दिला आणि एकच फोल्डर त्या एकाच खात्यासाठी उघडलं. लॅपटॉपवर तो पासवर्ड एकदा टाकून लक्षात ठेवायला सांगितलं. फायरवॉल दोन्हीकडे चालू. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, आणि कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात. काय करायचं हे कळल्यावर शेअरिंगला बारा मिनिटं लागली. काय करायचं ते कळायलाच चार तास गेले होते.

पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा तुम्हीही एक तास काढा. जुनं काही 'चालवून' दिलं असेल तर काय काय उघडं टाकलंत ते बघा. 'एव्हरीवन' दिसलं की काढा. आणि सोमवारी ऑफिसात गेल्यावर स्वतःच्या कोडमधला एक, फक्त एक एरर मेसेज असा लिहा की तो वाचून माझ्या बाबांना पुढचं पाऊल कळेल.

मी निघताना बाबांनी विचारलं, "पासवर्ड कुठे लिहून ठेवू? की लिहायचा नसतो?"

म्हटलं, "बिनधास्त लिहा बाबा. कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहा. चोर घरात शिरून कॅलेंडर उलटणार असेल, तर पत्रिकांची काळजी तेव्हा करू."

त्यांनी लिहिला. खाली माझा फोन नंबरही लिहिला, आणि त्याच्यापुढे 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'.